अर्धंच ओढलेलं चित्र

शिनपाचीच्या नखांवरून तोमेझोला पहिला संशय आला. तोमेझो सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली चित्रांचे खेळ दाखवायचा, आणि ती चित्रं शिनपाची रंगवायचा. युद्ध संपल्यापासून ओसाकात ही जोडी होती. शिनपाचीच्या नखांत नेहमी लाल-निळा रंग असे. हल्ली मात्र नुसती काळी शाई दिसायची. चित्रं उशिरा यायची, खेळाला निम्मी पोरंही जमेनात. ती पुलाजवळच्या दुकानात भाड्याची चित्रपुस्तकं वाचत बसलेली असायची.

एके दुपारी तोमेझो तिथेच शिरला.

"नुसतं चाळलं तरी भाडं पडतं हं," दुकानवाली म्हातारी गुरकावली.

"देतो हो, आजी."

पुस्तकावर नाव भलतंच होतं, पण माणसांच्या भुवया अगदी शिनपाचीच्या हातच्या. आणखी पुरावा हवा म्हणून तो वाचत गेला. एका पानाच्या तळाशी नुसतं दार होतं, बोटभर उघडलेलं. शब्द एकही नाही. तोमेझोने घाईघाईने पान उलटलं आणि मग थबकलाच. चौकटीतून चित्र अर्धंच बाहेर ओढायचं, थांबायचं, पोरांचा जीव टांगणीला लावायचा, ही तर त्याची स्वतःची लकब. मेल्याने तीही उचलली होती!

तो तडक शिनपाचीच्या घरी गेला.

"नाव बदललंस, भुवया बदलायला विसरलास होय रे?"

शिनपाचीने टाक खाली ठेवला. "खेळाला पोरंच येईनात, दादा. मी काय रंग खाऊ?"

"आणि माझं ते थांबणं? ते कुणाला विचारून घेतलंस?"

"इतकी वर्षं तुमच्यामागे उभा राहून तेवढंच तर शिकलो."

तोमेझोला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मनातून कुठेतरी बरंही वाटलं, आणि त्याचा त्याला जास्तच राग आला.

संध्याकाळी देवळामागे त्याने खेळ लावला. पोरांना काडीवरचा चिकट पाक विकला, जीव तोडून आवाज काढले. गोष्टीतल्या भुताच्या दारापाशी आल्यावर चित्र अर्धं ओढलं आणि हात थांबवला.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे तर पुस्तकातलं," पुढची झिपरी पोरगी म्हणाली. "काका, तुम्ही तिथून चोरलंत ना?"

"अगं, ते माझंच आहे!"

"हो का?" ती म्हणाली.

सगळी पोरं डोळे बारीक करून त्याच्या हाताकडे बघत होती. गेले काही दिवस तोही शिनपाचीच्या नखांकडे असंच बघत होता.