रिकाम्या खुर्चीची पाळी

सकाळी दहाला स्पर्धा सुरू झाली आणि सव्वादहाला मिस्त्रीचं डोकं फिरलं.

तसा तो आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आत अडकलेले लोक शिव्या घालत असताना थंड डोक्यानं तारा जोडणारा. पण बायको जाऊन दीड महिना झाला होता, आणि तेव्हापासून कडी नीट लागली नाही तरी तो दाराला लाथ घालत होता. पत्त्यांतल्या पोकरचं वेड बायकोचं. समुद्रकिनाऱ्यावरच्या या हॉटेलातली स्पर्धा तिनंच शोधली, दोघांची नावंही तिनंच घातली. "एकदा तरी मोठ्या टेबलावर बसू," म्हणायची. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि दहा दिवसांत सगळं आटोपलं.

मेव्हण्यानं त्याला ओढूनच आणलं होतं. "चला भावोजी, चार दिवस वारा तरी लागेल अंगाला."

दारातच मॅनेजरनं यादी बघून विचारलं, "बाई येणार नाहीत म्हणता, मग नाव काढून टाकू?"

"त्या नावाला हात लावायचा नाही!" मिस्त्री असा ओरडला की मॅनेजरच्या हातातलं पेन पडलं.

नाव राहिलं, म्हणून खुर्चीही राहिली. चिठ्ठ्या टाकून जागा ठरल्या, तर तिची खुर्ची नेमकी त्याच्या डाव्या हाताला आली. खुर्चीपुढं चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा, ढीग मांडला. खेळाचा नियम असा की दर डावाला पाळीतल्या दोघांनी पत्ते बघण्याआधीच चिप्स मध्ये टाकायच्या. खुर्चीत माणूस नसला म्हणून पाळी चुकत नाही. पत्ते वाटणारी डीलर मुलगी बायकोच्या ढिगातून चिप्स उचलायची, खुर्चीपुढं पत्ते टाकायची आणि न उघडताच परत ओढून घ्यायची.

समोरच्या गॉगलवाल्यानं हे लगेच हेरलं. खोलीत बसून काळा गॉगल लावणारा हा प्राणी. खुर्चीची पाळी आली की तो मध्ये आणखी टाकून चिप्स वाढवायचा, बाकीचे पत्ते टाकून माघार घ्यायचे आणि बाईंच्या चिप्स हा आपल्याकडे ओढायचा.

"फुकटचं दुकान आहे राव," तो हसला. "मालकीणबाई पाण्यात डुंबतायत वाटतं!"

"ती मेली आहे," मिस्त्री म्हणाला. "माझी बायको होती."

गॉगलवाल्यानं गॉगल काढला. "माफ करा काका. खरंच माफ करा. मला माहीत नव्हतं."

त्यानंतरच्या फेरीत खुर्चीची पाळी आली. गॉगलवाल्यानं हळूच, अगदी अदबीनं, पुन्हा चिप्स वाढवल्या.

"लाज वाटते का?" मिस्त्री उठून उभा राहिला.

"काका, खेळच असा आहे. तुम्हीही घ्या की. अडवलंय कुणी?"

सुट्टीच्या वेळात मेव्हण्यानं त्याला बाजूला घेतलं. "भावोजी, डोकं ताळ्यावर ठेवा. खरं सांगू का? ताई असती ना, तर रिकाम्या खुर्चीला सगळ्यात आधी तिनंच धुतलं असतं. वर हसली असती."

खरं होतं ते. म्हणूनच मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू कुणाच्या बाजूचा?" एवढंच म्हणून तो परत जाऊन बसला.

मग त्यानं एकच धंदा केला. खुर्चीच्या पाळीला गॉगलवाल्यानं हात पुढं केला की हा भिडायचाच. पत्ते कसेही असोत. एकदा जिंकला, तीनदा हरला. तिच्या चिप्स वाचवायला निघालेला माणूस स्वतःच्याच उधळत होता, आणि हे कळत असूनही हात थांबत नव्हता. शेवटी सत्ती आणि दुर्री हातात असताना त्यानं उरलेला सगळा ढीग पुढं ढकलला.

"काका, नका," गॉगलवाला मनापासून म्हणाला. "माझ्याकडे चांगलं पान आहे."

"दाखव."

दोन राजे निघाले. मग टेबलावर दोघांच्या सामाईक अशी पाच पानं उघडली, त्यातलं एकही मिस्त्रीच्या कामाचं नव्हतं.

"तुमचा खेळ संपला, काका," डीलर मुलगी हळूच म्हणाली. "दोरीच्या पलीकडे थांबावं लागेल."

तो दोरीपलीकडे गेला आणि त्यानं वळून बघितलं. तिच्या खुर्चीपुढं निम्मा ढीग अजून शाबूत होता. हा बाहेर, ती आत. घरीही हेच व्हायचं. दर खेपेला आधी हा बाद, मग चहा ठेवायला जा, आणि ती आतून ओरडणार, "साखर कमी!"

"दर वेळी मला आधी घालवायचीस," तो दात खाऊन पुटपुटला. "मरायच्या वेळीच बरी घाई झाली तुला!"

मेव्हण्यानं दंड धरला. "चला, काहीतरी खाऊ."

"तू जा."

पुन्हा खुर्चीची पाळी आली. गॉगलवाल्यानं चिप्स वाढवल्या. मिस्त्री दोरीवर इतका वाकला की खांब कलला. पहारेकरी धावत आला.

"मागं सरका. इथं फक्त खेळाडूंबरोबरच्या माणसांना उभं राहता येतं. तुम्ही कुणाबरोबर?"

मिस्त्रीनं बोट दाखवलं. "त्या बाईंबरोबर."

"कुठल्या बाई? खुर्ची रिकामी आहे."

"चिप्स दिसतात ना तिच्या?" मिस्त्री कडाडला. "त्या संपेपर्यंत मी हलत नाही. काय करायचं ते कर."