बहुतेक ठिकाणी पाऊस

मित्रांनो, हल्लीची लेकरं मला उचलून पाहतात आणि विचारतात, हे काय आहे? मी रेडिओ आहे, सेलवर चालणारा, आणि आता बराच जुना. कुठल्याशा शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात तारा जोडणाऱ्या बाईचे हात तेवढे आठवतात; ते सदा घाईत असत. तिथून खोक्यात बसून मी हिंगोलीच्या बाजारात आलो आणि एक्याण्णव साली पुसेगावच्या मसाजींनी मला खांद्याला लटकवून घरी नेलं.

मसाजींची अडीचशे मेंढरं होती. हंगाम सरला की कळप घेऊन ते निघत, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवत आणि उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाच्या काठाला उतरत. खांद्यावर मी, हातात काठी आणि मागे डोक्यावर बिऱ्हाड घेतलेली त्यांची बायको, पंचफुलाबाई. त्यांना धरणाचं फार वेड. हातातलं काम टाकून त्या पाण्याकडे बघत बसत. ह्याला पलीकडं काठ हाय, म्हणत, ज्याला काठच न्हाई असलं पाणी एकदा पाहायचं हाय मला. मसाजी त्यांची थट्टा करत, की असलं पाणी खारट असतं, मेंढरू तोंड लावणार नाही, तू कशाला जातेस? पण बायकोची ही इच्छा त्यांनी मनात नीट जपून ठेवली होती. मला ते माहीत होतं, कारण आगबोटीचं नाव बातम्यांत आलं की ते माझा आवाज वाढवत.

आता मेंढरांचं एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीत धुतात, वाळवतात आणि मग त्यांना कात्री लावतात. कातरलेलं जनावर उघडं पडतं. त्या आठवड्यात ते भिजलं तर गारठून मरतं. म्हणून मसाजींचा नियम होता, पाऊस म्हटला की कातरणी बंद. चौऱ्याण्णवच्या भादव्यात एका सकाळी मी सांगितलं, मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी पाऊस. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. शेजारचे सोनाजी मला हसले आणि मेंढरं कातरून मोकळे झाले. मसाजींनी कात्र्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी झड लागली. पाच दिवस पाऊस थांबला नाही की सूर्य दिसला नाही. सोनाजींची साठ मेंढरं गेली आणि मसाजींचं एक कोकरू शिंकलंसुद्धा नाही.

त्या दसऱ्याला कात्र्यांच्या शेजारी मांडून माझीही पूजा झाली. मी हवामान सांगू लागलो की घरात कोणी चमचा वाजवायचा नाही, असा दंडक पडला. सेल मंदावले की मसाजी ते पत्र्यावर उन्हात ठेवत आणि मायेने परत माझ्यात बसवत. स्तुती कोणाला कडू लागते? मीही फुगलो. आपलं प्रत्येक वाक्य ह्या घरात वेदवाक्य आहे, याचा मला गर्व वाटू लागला.

आमची हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झाली, त्याच्या पुढच्या वर्षी मसाजींचा एकुलता एक मुलगा परमेश्वर, जो फौजेत होता, त्याची बदली अंदमानात झाली. त्याच पावसाळ्यात पंचफुलाबाई दाराच्या चौकटीला धडकू लागल्या. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. घागरीच्या तोंडातून पाहावं तेवढंच जग त्यांना उरलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाने टिकेल तेवढी टिकेल, वर्षभर, फार तर थोडी जास्त, असं ते म्हणाले.

परमेश्वर भादव्यात सुट्टीवर आला तो ठरवूनच. परत जाताना आईवडिलांना बरोबर न्यायचं, मद्रासहून आगबोटीने. तीन-चार दिवस चारी बाजूंनी नुसतं पाणी. पंचफुलाबाईंनी नवं लुगडं पिशवीत घातलं, काढलं, पुन्हा घातलं. सगळं ठरलं, आणि निघायच्या दोन दिवस आधी मसाजींनी माझा कान पिळला.

मी सांगितलं, अंदमान बेटांवर बहुतेक ठिकाणी पाऊस. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. पुढचे तीन दिवसही तेच राहील, असंही सांगितलं.

मसाजींनी पिशवी खुंटीवरून उतरवून रिकामी केली. परमेश्वर समजावू लागला की आबा, तिकडचा पाऊस आपल्यासारखा नसतो. पण जन्मभर ज्याने पाऊस आणि झड एकच मानली, त्याला हे कसं पटावं?

"तिची नजर काय रोज रोज यायची हाय?" मसाजी म्हणाले. "झडीत दर्या दाखवून काय करू? ढगच पाहून यील बिचारी. उघाड पडू दे. लख्ख उन्हात दाखवू."

"अवं, मला दिसंल तेवढं पाहीन," पंचफुलाबाई म्हणाल्या. "चला ना."

मसाजींनी ऐकलं नाही. त्यांना खर्चाची चिंता नव्हती की प्रवासाची भीती नव्हती. बायकोला एकदाच पाहायला मिळणार, तर ते चांगलं दिसावं, एवढंच त्या भल्या माणसाला हवं होतं. कातरलेल्या मेंढराचा नियम त्यांनी तिच्या डोळ्यांना लावला.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. पण माझ्या बोलण्यात ठिकाण असतं, दिवस असतो. पाऊस दिवसातून किती वेळ पडेल, ते नसतं. बेटांवर घटकाभर सर आली तरी मी पाऊसच म्हणतो, आणि मराठवाड्यात पाच दिवस सूर्य बुडाला तरी पाऊसच म्हणतो. वादळाचा इशारा निराळा असतो. तो मी दिला असता तर थांबणं शहाणपणाचं होतं. वादळाचं मी नावही काढलं नव्हतं. हे सगळं त्या घरात ओरडून सांगावंसं वाटे, पण ज्याला आपलं म्हणून एक वाक्य बोलता येत नाही, त्याच्या आवाजाचा काय उपयोग?

हिवाळ्यात अंदमानचा पाऊस थांबला. मसाजींनी आनंदाने पत्र धाडलं, तर परमेश्वर ट्रेनिंगला दुसरीकडे गेलेला. त्याला सुट्टी मिळाली वैशाखात. पिशवी पुन्हा भरली गेली, आणि त्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की मान्सून अंदमानात दाखल झाला. सगळा गाव ते ऐकून सुखावला. आमच्या घरात मात्र पिशवी दुसऱ्यांदा रिकामी झाली.  लुगड्याची घडी पंचफुलाबाईंनी डोळ्यांजवळ धरून, चाचपत घातली.

दिवाळीत त्यांनी विचारलं, "दिवे लावले का न्हाई अजून?" पेटलेले दिवे त्यांच्या समोर होते.

पुढच्या भादव्यात परमेश्वरची तिकडची मुदत संपत आली. न्यायचं तर आत्ताच, असं त्याने सांगितलं. मसाजी खाली मान घालून बसले होते. सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. मी नेहमीचं वाक्य सुरू केलं, तशा पंचफुलाबाई म्हणाल्या, "आता तर चला. मला आता ढग काय अन् ऊन काय?" मसाजींनी मला बंद केलं.

आणि आम्ही गेलो, सवयीने मीही मसाजींच्या खांद्यावर. बोटीवर पहिल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. मसाजींनी पंचफुलाबाईंच्या डोक्यावर घोंगडी धरली आणि झडीची वाट पाहत बसले. सर आली, सगळं धुऊन गेली, आणि अर्ध्या तासात ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डेक पुसणाऱ्या शंकरसिंग नावाच्या खलाशाला मसाजींनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, की हा पाऊस टिकत का नाही? तो हसून म्हणाला, इथला पाऊस असाच, आला आणि गेला, बाकी दिवसभर ऊन. मसाजींनी विचारलं, मागच्या सालीही असाच होता का?

"हर साल ऐसा ही, बाबा," तो म्हणाला आणि बादली घेऊन पुढे गेला.

मसाजी कठड्यापाशी आले. तिथे परमेश्वरने आईला उभं केलं होतं. दोन्ही हातांनी कठडा धरून त्यांनी विचारलं, "सांगा की. कसा हाय दर्या?"

समोर निळं पाणी होतं, त्यावर ऊन सांडलं होतं, आणि कुठे म्हणून काठ नव्हता. अडीचशे मेंढरं तोंडावरून ओळखणाऱ्या त्या माणसाने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "लई ढग हायेत. मलाबी काही दिसून न्हाई राहिलं."

उन्हाने माझं चामड्याचं कव्हर तापलं होतं. तेच ऊन पंचफुलाबाईंच्या तोंडावर होतं. त्यांनी आपल्या गालाला हात लावला, थोडा वेळ तो तिथेच ठेवला, मग पदर पुढे ओढून घेतला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "मंग दोघांचं बराबरच झालं."

मसाजी रडले. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी घोंगडीचं टोक तोंडात धरलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी माझ्यातले सेल काढून फेकले आणि मला फळीवर ठेवलं. मेंढरंही पुढे सोनाजींच्या हवाली केली. पंचफुलाबाई दिवसभर दारात बसून असतात. करमत नाही म्हणून कधी कधी म्हणतात, रेडिओ तरी लावा. मसाजी सांगतात की तो बिघडला. पुन्हा म्हणाल्या तर सांगतात, बघू, पुढच्या बाजारी दुरुस्तीला नेऊ. किती बाजार होऊन गेले. माझा आवाज त्यांना सोसवत नाही, हे मला कळतं, आणि त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही.

मित्रांनो, मी बिघडलेलो नाही. तुमच्या घरी कोणाचे दिवस मोजके उरले असतील, तर माझा एक शब्द ऐकून त्यांचं जाणं अडवू नका. पाऊस किती वेळचा, एवढं कोणाला तरी विचारा, छत्री घ्या आणि त्यांना घेऊन निघा. आणि कधी पुसेगावला आलात तर माझ्यासाठी तीन सेल आणा. पंचफुलाबाईंचे कान अजून शाबूत आहेत, आणि मसाजी त्यांचं ऐकणंही पुढच्या बाजारावर टाकत आहेत.