पुढच्या दाराने या!

आमच्या मिलर्स बेंड गावात कुणाची पिकअप कुठे उभी आहे, यावरून त्या घरातलं सगळं कळतं. आणि नाही कळलं, तर कॉफीच्या दुकानातल्या टेबलाभोवती बसून जुळवलं जातं. अशा गावात, भर मुख्य रस्त्यावर, रोवेना डेकरने नवरा-बायको आणि कुटुंबांसाठी समुपदेशनाची खोली उघडली होती. बावीस वर्षं शाळेची बस चालवून, पोरं मोठी झाल्यावर शिकलेली बाई! तिच्याकडे तीन वर्षांचा तात्पुरता परवाना होता. तेवढ्या मुदतीत माणसं समोर बसवून दीड हजार तास भरले आणि परीक्षा पार केली, तरच पक्का परवाना मिळणार होता. फेब्रुवारी उजाडला तेव्हा पाच महिने उरले होते आणि दोनशे तास कमी होते.

लोक गाडी धान्याच्या कोठाराआड लावायचे आणि गल्लीतून मागच्या दाराने आत शिरायचे. ही युक्ती तिच्या नवऱ्याची, व्हर्जिलची. मागच्या दारावर 'इकडून या' अशी पाटीही त्यानेच ठोकली होती. पण त्या हिवाळ्यात इतका बर्फ पडला, की कोठारापासून थेट रोवेनाच्या दारापर्यंत पावलं उमटायला लागली. कॉफीच्या टेबलावर बुटांची मापं निघू लागली! शाळेच्या फुटबॉल संघाचे कोच ड्वेन स्टोल्ट्झ आणि त्यांची बायको मार्व्हा दोनदा आले आणि यायचे बंद झाले. "काय कोच, वहिनींनी उठाबशा काढायला लावल्या म्हणे?" असं कुणीतरी विचारलं होतं. इकडे मार्व्हाने बहिणीकडे जायला बॅग भरली होती.

दर गुरुवारी आयरीन हॉफमन रोवेनाचं काम तपासायला यायच्या. एकाहत्तर वर्षांच्या, मुरलेल्या समुपदेशक.

"आयरीनबाई, मी ठरवलंय," एका गुरुवारी रोवेना म्हणाली. "रोज पहाटे गल्लीतला बर्फ उपसायचा. पावलं उमटणारच नाहीत."

"वा! म्हणजे इथे येणं ही चोरी आहे, हे पक्कं झालं."

"लोकांना लाज वाटते, त्याला मी काय करू?"

"पाटी कुणाच्या दारावर आहे? दाताचा डॉक्टर लावतो का गं अशी पाटी? दात ठणकला की माणूस गाल धरून भर रस्त्याने जातो. संसार ठणकला की मात्र गल्ली! आणि ती गल्ली तूच झाडून ठेवणार."

रोवेनाचा चेहरा उतरला. "मागचं दार बंद केलं आणि कुणी आलंच नाही तर? माझा परवाना जाईल."

"जाईलही," आयरीनबाई शांतपणे म्हणाल्या. "ते तुझं तू ठरव."

त्याच संध्याकाळी रोवेनाने पाटी उपटली आणि मागच्या दाराला कुलूप घातलं. सगळ्यांना फोन करून सांगितलं, पुढून या.

व्हर्जिल भडकला. "अगं, तीन वर्षांची मेहनत मातीत घालणार? आणि मी लोकांना काय सांगू?"

"आजवर काय सांगत होतास?"

बायको तिथे शाळेची कागदपत्रं करते, असं व्हर्जिल सांगत आला होता.

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. रोवेना रोज पुढच्या पायऱ्या साफ करायची आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर बसायची. रात्रंदिवस तिचा जीव टांगणीला लागला होता.

मग एका शनिवारी, सकाळी दहाला, कॉफीचं दुकान गच्च भरलेलं असताना, एक लाल पिकअप बरोब्बर रोवेनाच्या दारात थांबली. एका बाजूने कोच उतरले, दुसऱ्या बाजूने मार्व्हा!

"काय कोच, वाट चुकलात का?" दुकानाच्या दारातून कुणीतरी ओरडलं.

कोच वळले. मान लाल झाली होती, पण आवाज मैदानावरचाच होता. "तीस वर्षं तुमच्या पोरांना बजावतोय, गुडघा दुखत असेल तर लपवून खेळू नका, जन्माचे लंगडाल. आता माझं घर दुखतंय. मी लपवू?"

मार्व्हाने त्यांचा हात धरला आणि दोघं पुढच्या दाराने आत गेले.

सोमवारी दोन गाड्या आल्या. एप्रिलमध्ये तर दारात जागा मिळेना! रोवेनाने परीक्षाही दिली आणि पहिल्याच फटक्यात पार केली. मुदत संपायला नऊ दिवस होते तेव्हा दीड हजारावा तास भरला.

पक्का परवाना टपालाने आला, तेव्हा लिफाफा व्हर्जिलच्या हाती पडला. तो तसाच कॉफीच्या दुकानात घुसला आणि टेबलाजवळ उभा राहून मोठ्याने म्हणाला, "माझी बायको कागदपत्रं करत नाही. लोकांचे संसार सावरते. हा बघा परवाना!" टाळ्या पडल्या. व्हर्जिलचे डोळे भरून आले.

घरी येऊन तो रोवेनासमोर बसला. "तीन वर्षं मी तुझ्याबद्दल खोटं बोललो. आपणही जाऊया का कुणाकडे? आयरीनबाई सुचवतील एखादं नाव."

"गाडी कुठे लावशील?" रोवेनाने विचारलं.

"दारात," व्हर्जिल म्हणाला.

मंडळी, घर दुखायला लागलं, तर वेळेवर मदत मागा आणि उजळ माथ्याने मागा. दुसरा कुणी मागायला निघाला असेल, तर त्याच्या गाडीकडे बोट दाखवू नका. जमलं तर आपली गाडी जरा पुढे घेऊन त्याला जागा करून द्या.