मागच्या गल्लीतलं दार

काचीगुड्याला नामदेवरावांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमच्या मराठी मंडळाची जागा होती. एका खोलीत वाचनालय, शेजारी मोठा हॉल. दर रविवारी नऊ ते अकरा त्या हॉलमध्ये मी मुलांना मराठी शिकवत असे. मुलं एकमेकांशी तेलुगूत भांडायची, दखनीत चिडवायची, आणि पाढे इंग्रजीत म्हणायची. शाळेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली होती, तरी रविवारी सकाळी मला लवकर जाग यायची.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर तळमजल्यावर दवाखाना आला. नामदेवरावांचं कापडाचं दुकान नारायणगुड्याला गेलं होतं आणि खालची जागा रिकामी होती. एका संस्थेनं ती भाड्यानं घेतली आणि दारावर पाटी लावली. स्त्रीरोग, कुटुंबनियोजन, गर्भपात, लैंगिक आजार. तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीत. आत शिरलं की डाव्या हाताला दवाखाना आणि उजव्या हाताला आमचा जिना.

त्याच सुमारास घरोघरी केबल आली होती. निरोधची जाहिरात लागली की कुणीतरी पाणी प्यायला उठायचं, टीव्ही मात्र कुणी बंद करत नव्हतं. पाटी कुणालाच सहन होईना.

"आमच्या पोरी त्याच दारातून वर जातात, बाई," मंडळाचे चिटणीस श्रीनिवासराव मला म्हणाले. हायकोर्टात नोकरी केलेले गृहस्थ, बोलणं मोजून. "उद्या स्थळ बघायला आलेल्या माणसांनी विचारलं, तुमची मुलगी त्या दारातून कशाला बाहेर आली, तर काय सांगायचं?"

"वाचनालयात गेली होती म्हणून सांगायचं."

"तुम्हाला सोपं आहे," ते म्हणाले.

डिसेंबरातल्या एका रविवारी वर्ग सुटल्यावर पद्मावती मागे थांबली. ती माझ्या वर्गातल्या प्रणिताची आई. नवरा ओमकार वीज खात्यात, घरात सासू, दीर, जाऊ. प्रणिता खाली अंगणात खेळत होती आणि ती माझ्या सतरंजीची उगाचच नीट घडी घालत होती.

"बाई, एक सांगू का? कुणाला बोलू नका."

"सांग."

"मी खाली जाते. तुमचा वर्ग चालू असतो तेव्हा."

दीड वर्षापासून तिला त्रास होता. मध्येच रक्त जायचं. सासूला सांगितलं तर ती म्हणाली, उष्णता आहे, सब्जा पी. नवऱ्याला सांगायला जीभ रेटली नाही. मग खाली पाटी दिसली. प्रणिताला वर्गात सोडायचं, वाचनालयातून कादंबरी घ्यायची, ती हातात धरून खाली उतरायचं आणि बाहेर कुणी नसलं की दवाखान्यात शिरायचं. कुणी दिसलंच तर सरळ दाराबाहेर.

"डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला," ती म्हणाली. "पिशवीच्या तोंडाशी जखम आहे. अजून कॅन्सर नाही म्हणाल्या, पण होईल. गोठवायचं यंत्र आलं की मार्चमध्ये ती जखम गोठवून टाकणार आहेत. दोनदा यावं लागेल. वर्षभर टाळलं तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं म्हणाल्या."

"मग येशील ना?"

"रविवार आहे म्हणून येईन. मोठ्या दवाखान्यात जायचं तर अख्खा दिवस जातो. घरी काय सांगू?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मार्चपर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नाही, एवढीच गोष्ट होती.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. दरवर्षी दीडशे बायका यायच्या, त्या वर्षी बत्तीस आल्या. तिळगुळाचे डबे तसेच राहिले. श्रीनिवासरावांच्या पत्नी शोभाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या पाटीखालून नवी नवरी कशी येईल? मी माझ्या सुनेला सांगितलं, यंदा घरीच बस."

"तिला कुठं पाटी वाचता येते? कॉन्व्हेंटची ती," मागून कुणी म्हणालं.

"इंग्रजीतच तर आहे मेली ती पाटी," शोभाताई म्हणाल्या, आणि हॉलमध्ये हशा पिकला.

पुढच्या आठवड्यात सभा झाली. नामदेवरावांना बोलावलं होतं. दवाखाना काढा, नाहीतर मंडळ जागा सोडेल, असा ठराव तयार होता. नामदेवराव परभणीकडचे, शेतीतून व्यापारात आलेले. मंडळाच्या माणसांसमोर त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. ते सारखी टोपी काढत होते, घालत होते. ठराव झाला असता तर दवाखाना गेलाच असता.

मी उठले. चाळीस वर्षं मी वर्गात भांडणं सोडवली होती. दोन्ही मुलांना थोडं थोडं दिलं की भांडण मिटतं, हे मला ठाऊक होतं.

"दवाखाना राहू द्या," मी म्हटलं. "दार बदला. मागच्या गल्लीत एक दार आहे, दुकानाचा माल तिथून यायचा. ते उघडा. जिन्यासमोरचं बंद करा. पाटीही मागे जाईल. आपल्याला त्रास नाही, त्यांनाही नाही. उलट बायकांना आडोसा मिळेल. मागे कोण बघतंय?"

सगळ्यांना ते पटलं. नामदेवरावांनी दोन्ही हात जोडले. श्रीनिवासराव म्हणाले, "बाई, म्हणूनच तुम्हाला बोलावतो."

डॉक्टर प्रियदर्शिनींना सांगायला मीच गेले. त्या वरंगळकडच्या, माझ्याशी दखनीत बोलायच्या. ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बाईजी, औरतां उधर से आयेंगे बोल के लगता आपकू?"

"आयेंगे," मी म्हणाले. "लोगां को थोडा समय देना पडता."

मी त्यांना शांतपणे समजावलं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्यापुढे दुसरा रस्ताही नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटी जिन्यासमोरच्या दवाखान्याच्या दारात भिंत घातली. मार्चच्या पहिल्या रविवारी पद्मावतीची तारीख होती. तिनं प्रणिताला सोडलं, कादंबरी घेतली, खाली उतरली. वर्ग सुटला तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसलेली होती.

"झालं?"

"गेले नाही."

"का गं?"

"तुम्ही चला, दाखवते."

आम्ही इमारतीला वळसा घालून मागे गेलो. अरुंद गल्ली. तोंडाशी इस्त्रीवाल्याची गाडी, समोर तीन घरं, ओट्यावर बायका तांदूळ निवडत बसलेल्या. गल्ली दवाखान्याच्या दारापाशी संपत होती. पलीकडे रस्ता नव्हता. त्या गल्लीत वळलेल्या बाईला दुसरं कुठलंच काम असू शकत नव्हतं. आम्ही नुसत्या कोपऱ्यावर उभ्या होतो, तरी एका बाईनं सूप खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं.

"पुढून गेले की मी वाचनालयातली असायचे," पद्मावती म्हणाली. "इथून कोण असेन?"

"मी येते तुझ्याबरोबर. आत्ता."

"तुमचं वय झालं, बाई. तुम्हाला कोण काय म्हणणार? मला म्हणतील."

पुढच्या रविवारी मी तिला अक्षरशः हाताला धरून नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली. उपकरण दुरुस्तीला गेलंय, पुढच्या रविवारी नक्की करू म्हणाल्या. येताना इस्त्रीवाल्याजवळ शोभाताई उभ्या होत्या. त्या आमच्याकडे बघून हसल्या, कपडे घेतले आणि निघाल्या.

बुधवारपर्यंत ते तिच्या घरी पोचलं होतं. काय पोचलं, तर पद्मावतीनं पोट पाडलं. दुसऱ्या कुणी सांगितलं, तिला रोग लागलाय. ओमकारनं एवढंच विचारलं की रोग कुणाकडून लागला. तिनं तपासणीचा कागद पुढे केला. त्यानं वरचं दवाखान्याचं नाव वाचलं आणि खालचं न वाचता तो फाडला.

मी त्यांच्या घरी गेले. ओमकार माझा विद्यार्थी नव्हता, तरी त्यानं वाकून नमस्कार केला.

"बाई, तुमचा मान आहे म्हणून ऐकून घेतो. पण आमच्या घरात पुन्हा हा विषय नको."

"अरे, जखम आहे तिला. साधी जखम. वेळेत—"

"तुम्हीच नेलंत ना तिला तिथं?" सासू आतून म्हणाली. "शिकवायला पोरगी दिली होती, सून नाही दिली."

प्रणिता वर्गाला यायची बंद झाली. मी श्रीनिवासरावांकडे गेले, पुढचं दार परत उघडा म्हणाले. "बाई, मार्ग तुम्हीच काढलात. सगळ्यांनी सही केली. आता सारखं बदलत बसायचं का?" त्यांनी चहा मागवला. मी पुन्हा समजावलं, तिसऱ्यांदाही समजावलं. समजावल्यावर माणसाला कळतं, एवढ्या एका गोष्टीवर मी आयुष्य काढलं होतं. ते ऐकत होते. त्यांना सगळं कळतही होतं.

मागच्या दारानं येणाऱ्या बायका कमी होत गेल्या. जूनमध्ये संस्थेनं दवाखाना बंद केला आणि डॉक्टर कुठेतरी लांब गेल्या. तिथे नंतर कॉम्प्युटरचा क्लास आला. त्याला सगळ्यांनी नारळ फोडला.

पद्मावतीला दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत मोठ्या इस्पितळात दाखल केलं. रक्त थांबत नव्हतं, तेव्हा ओमकारच उचलून घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. आता कापून उपयोग नाही, फक्त दुखणं कमी करू, असं ते म्हणाले. तो भिंतीला टेकून खूप वेळ उभा होता.

मंडळाच्या बायका भेटायला आल्या. शोभाताईंनी मोसंबी आणली होती. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते.

"अगं, इतकं होईपर्यंत बोलली कशी नाहीस? आम्ही काय परक्या आहोत?"

"लक्षातच आलं नाही," पद्मावती म्हणाली आणि तिनं त्यांना बसायला जागा करून दिली.

ओमकारच्याच सांगण्यावरून प्रणिता आता संध्याकाळी माझ्या घरी येते. आईला भेटून येते, मग पाटावर अभ्यासाला बसते. काल तिनं वही बंद केली.

"बाई, आईला काय झालंय? घरी कुणी सांगत नाही. शाळेत मुली विचारतात."

ती अकरा वर्षांची आहे. तिला सगळं समजावून सांगता येण्याजोगं आहे. शब्दही मला ठाऊक आहेत. बाहेर माझी शेजारीण कपडे वाळत घालत होती आणि खिडकी उघडी होती.

"पोटाचं दुखणं आहे," मी म्हणाले. "वही उघड."

तिनं उघडली.