पोटातलं चाक

मित्रांनो, मी एक लोखंडी शेळी आहे. जुनी म्हणावं, तर मला इथं येऊन दोनच वर्षं झाली. नवी म्हणावं, तर माझं सगळं अंग भंगारातून आलेलं. शिंगं सायकलच्या दांड्यांची, बरगड्या सळयांच्या आणि पोटात एक मोठं काळं चाक. औरंगपुऱ्याच्या वाटेवर शिल्पांचा चौक आहे, तिथं मी उभी असते. शेजारी पत्र्याचा बगळा आणि दगडी हत्ती. आल्या आल्या माझा काय मान होता! हार, फोटो, भाषणं. महिन्याभरात कुणीतरी माझ्या शिंगाला वेफर्सची रिकामी पिशवी अडकवली आणि ती आठ दिवस तिथंच फडफडत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गळ्यातली पितळी घंटा गेली. चोरानं अजिबात घाई केली नाही. दोन दिवस नुसता बघून गेला, तिसऱ्या दिवशी नटावर तेल सोडून गेला आणि चौथ्या दिवशी पाना घेऊन आला. तेव्हापासून मी कुणावरही विश्वास ठेवत नाही. कुरवाळणाऱ्यावर तर मुळीच नाही.

म्हणून नवरात्र संपत आलं असताना एक म्हातारी आली, तेव्हा मी सावध झाले. पहिल्या दिवशी ती माझ्या पोटाकडं टक लावून बसली. दुसऱ्या दिवशी चाकाच्या आऱ्यांवरून बोट फिरवून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी कापडी पिशवी घेऊन आली, इकडंतिकडं बघितलं आणि लांब चोचीची तेलाची कुपी बाहेर काढली.

मी मनात म्हटलं, झालं. उद्या पाना येणार आणि माझं पोट जाणार.

वॉचमन कारभारीकाका धावतच आले. आणखी एक नट जरी हलला तरी नोकरी जाईल, असं त्यांना साहेबांनी बजावलेलं.

"ओ मावशी, पिशवी दाखवा."

"दाखवते की. दमानं, झेंडू चुरगळंल."

"झेंडू कशाला? अन् तेल कशाला?"

"आज खंडेनवमी नाय का? हत्यारं पुजत नाय का तुम्ही?"

"शेळी कवापासून हत्यार झाली?"

शाळेत निघालेली विशाखा सायकल थांबवून ऐकत होती. तिनं विचारलं, "आजी, हे चाक तुमचं आहे का?"

म्हातारी खालीच बसली. कडूबाई तिचं नाव. "माझ्या पायानं चालवायच्या शिलाई मशीनचं हाय, बाई. लासूर स्टेशनला तीस वर्षं ब्लाऊज शिवले त्याच्यावर. पोरानं मोटरची मशीन आणली अन् ही भंगारात घातली. मला इचारलं बी नाय. परवा रिक्षातून जाताना दिसलं."

"चाकं सगळी सारखीच असत्यात, मावशी. ह्याच्यावर काय तुमचं नाव हाय?"

"एक आरा तुटला व्हता. माझ्या मालकानं त्याला पितळेचा टाका मारून आणला. पलीकडच्या अंगाला असंल, बघा. मी तिकडं गेलेच नाय अजून."

विशाखा पलीकडं जाऊन वाकली. धूळ पुसली. "काका, आहे. पिवळा टाका."

मित्रांनो, माझ्याच पोटात काय आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

कारभारीकाकांनी पायातले बूट काढले. "घाला तेल. पण चाक न्यायचं नाय."

"न्यायला कोण आलंय? ठेवू कुठं?"

कडूबाईनं थेंब थेंब तेल सोडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. विशाखानं चाक ढकललं. आधी कुरकुरलं, मग गुपचूप फिरू लागलं. तिकडं फरशीवर कडूबाईचा पाय वर-खाली, वर-खाली हलायला लागला. तिला ते कळलंही नसावं.

माझा संशय काही अजून गेलेला नाही. कालच एकजण बगळ्याच्या चोचीकडं फार प्रेमानं बघत होता, मी नजर ठेवून आहे. पण मित्रांनो, तुम्ही याल तेव्हा चाक जरूर फिरवा. माझ्या पाठीवर चढू नका, शिंगांना कचरा अडकवू नका. आणि घरातली जुनी वस्तू भंगारात घालण्याआधी, तिच्यावर ज्याचे हातपाय चालले, त्या माणसाला एकदा विचारा.