तिसरी चकती

घड्याळजीचा एक ठाम समज होता: जगातली कुठलीही अडचण शेवटी दातांची अडचण असते. या चाकाला दात किती, शेजारच्याला किती, एवढं जुळवलं की घड्याळ चालायला लागतं. मग माणसाचं तरी का अडावं? असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे खायचं काम नाही. सिस्टरने तो हसतखेळत केला होता, आणि जिथे हसता आलं नाही तिथे भांडून केला होता.

सिस्टर म्हणजे त्याची बायको. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होती, त्यामुळे सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि ऐकून ऐकून नवराही तेच म्हणायला लागला. लोक हसायचे. ती मात्र त्याला खुशाल अरे-तुरे करायची, कारण दोघांची ओळख सायकल क्लबातली, आणि क्लबात अहो-जाहो करणाऱ्याला सगळ्यांना चहा पाजावा लागे.

तो क्लब आता राहिला नाही. काय दिवस होते ते! रविवारी उजाडता उजाडता पुलापाशी डझनभर टाळकी जमायची. कोणाच्या ब्रेकची कुरकुर, कोणाचा पंक्चर काढण्यावरून दुसऱ्याशी वाद, थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीने प्यायलेला चहा, आणि सगळ्यांच्या हातांना चेनच्या तेलाचा वास. मग कोणी मुलांकडे राहायला गेले, कोणाचे गुडघे गेले, कोणी स्वतःच गेले. शेवटी पुलापाशी हे दोघंच उरले, पण दोघांनी रविवार सोडला नाही.

रस्ता तोच. पुलापासून कालव्याच्या कडेने सरळसोट सपाटी, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला झाडांची रांग. सपाटी संपली की टेकडीचा चढ, तीन वळणांचा, अगदी छातीवर येणारा. माथ्यावर पाण्याची टाकी. टाकीच्या सावलीत बसायचं, सफरचंद खायचं, आणि घरी यायचं.

दोन वर्षांपूर्वी सिस्टरला न्यूमोनिया झाला. ती त्यातून उठली, पण तिचा दम काही पूर्वीसारखा परत आला नाही. तरीही हट्टाने निघाली, आणि एका रविवारी दुसऱ्या वळणावर दगडावर बसली ती उठेचना. दुधाची गाडी खाली येत होती, तिच्यातून दोघं आणि दोन सायकली घरी आल्या. त्या दिवशी तिने आपली सायकल स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगली. पुढे बरेच महिने ती तिथेच होती, आणि मग एका संध्याकाळी तिने भाचीला फोन लावला.

"महिनाअखेर ये आणि सायकल घेऊन जा," ती म्हणाली. "भिंतीवर लटकून गंजण्यापेक्षा तुझ्या उपयोगी पडेल."

घड्याळजी जेवत होता. सायकल गेली की रविवार गेला, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. एकट्याने त्या रस्त्याने जाण्याची नुसती कल्पना केली तरी त्याला भकास वाटलं. पण तसं सरळ बोलून दाखवेल तर तो घड्याळजी कसला.

"तुझ्या सायकलीला दात चुकीचे आहेत," तो म्हणाला.

"माझी फुप्फुसं चुकीची आहेत," सिस्टर म्हणाली. "वाढू का आणखी?"

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि सायकलवाल्याकडून नवी कॅसेट आणली. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच. सिस्टरच्या जुन्या कॅसेटमधल्या चकत्या एकीला एक लागून होत्या, तेरा दातांच्या शेजारी चौदा, चौदाच्या शेजारी पंधरा. नवीत दात मोठ्या उड्या घेत वाढत होते, आणि सर्वांत मोठी चकती जेवणाच्या ताटलीएवढी होती. मागची चकती जितकी मोठी तितका चढ हलका, हा साधा हिशोब. घड्याळजीने चेन लांब केली, चेन सरकवणारा हात बदलला, तारा ओढल्या, आणि सायकल खुंटीवरून उतरवून बायकोसमोर उभी केली.

"एकदा चालवून बघ. नाही आवडली तर भाचीला दे."

रविवारी दोघं निघाले. कालव्याच्या रस्त्यावर ते नेहमी हँडलला हँडल लावून चालवायचे. संसारातलं महत्त्वाचं सगळं त्या रस्त्यावर ठरलं होतं: मुलीचं नाव, घर बदलायचं की नाही, सिस्टरने रात्रपाळी घ्यायची की नाही. घरात बसून बोललं की भांडण व्हायचं, इथे होत नसे. पाय एका लयीत फिरत असले की माणूस सहसा वाकड्यात शिरत नाही.

पण त्या दिवशी लयच सापडेना. सिस्टर कधी भरकन पुढे जायची, कधी मागे पडायची, सारखी गिअरची लिव्हर पुढेमागे करायची. घड्याळजी काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि शेजारी बायकोच नसायची. टेकडी यायच्या आधीच ती उतरली.

"या गिअरमध्ये पाय नुसते गरगर फिरतात," ती म्हणाली, "आणि पुढच्यात टाकला की दगड ओढल्यासारखं होतं. मला हवाय तो दोघांच्या मध्ये आहे, आणि मध्ये काहीच नाही. तुझ्या शेजारी राहताच येत नाही मला."

"पण चढावर सोपं जाईल."

"चढासाठी माझी सपाटी घालवलीस तू! वर गेल्यावर आपण काय बोललो त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. या रस्त्यावरचं सगळं आठवतं. हेच जर नसेल तर मला टेकडी घेऊन काय करायचंय?"

आणि तिने सायकल वळवली. घड्याळजी तोंडात मारल्यासारखा मागून आला.

इथेच त्याचं घोडं पेंड खात होतं. चकत्या जवळजवळ ठेवल्या तर चढ जमत नाही, लांबलांब ठेवल्या तर सोबत जमत नाही. पुढचे कित्येक दिवस तो दुकानात डोळ्याला भिंग लावून गिऱ्हाइकांची घड्याळं उघडी टाकून बसला आणि डोक्यात सायकलच जुळवत राहिला. एका बाईचं मनगटी घड्याळ त्याने दुसऱ्याच बाईला दिलं, आणि त्या बाईने ते आनंदाने घेतलं, त्यावरून पुढे बराच तमाशा झाला. पण त्या तमाशातच त्याला क्लबातला पोस्टमास्तर आठवला. जाडजूड माणूस, त्याच्या सायकलीला पुढे, पायडलपाशी, दोनाऐवजी तीन चकत्या असायच्या. तिसरी एवढीशी, बशीसारखी. पोरं त्याची यथेच्छ टिंगल करायची, "मास्तर, ही चकती की कपाची बशी?" आणि सगळ्यांत जोरात हसायचा तो हाच, घड्याळजी.

पुढच्या चकत्यांचा हिशोब उलटा, जितकी लहान तितका चढ हलका. मागे सिस्टरच्या जुन्या, दाट चकत्या; पुढे नेहमीच्या दोन आणि आणीबाणीला ही तिसरी. सपाटीवर तिची आठवणही यायची नाही, आणि चढ आला की बशी हजर.

"काका, हे आता कोण वापरतं?" सायकलवाला म्हणाला. तरी त्याने माळ्यावर चढून खोकी उपसली आणि धुळीने माखलेला तीन चकत्यांचा एक संच काढून दिला. त्यासाठी दोन पायडलांमधला आसही लांब लागत होता, तोही निघाला. स्वयंपाकघराच्या फरशीवर जुनी चादर अंथरून घड्याळजीने सगळं बसवलं. सिस्टर भाजी निवडत बघत होती.

"पोस्टमास्तरची चकती," ती म्हणाली.

"हसू नको."

"मी कधी हसले होते? तूच हसायचास."

पुढचा रविवार महिन्यातला शेवटचा होता. दुपारी भाची यायची होती. घड्याळजीला सकाळी चहासुद्धा गोड लागला नाही. कालव्याच्या रस्त्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की आपण पुलापासून सारखे बोलतोय, आणि सिस्टर शेजारीच आहे, जराही मागेपुढे नाही. ते मुलीच्या नोकरीबद्दल बोलले, गळक्या नळाबद्दल बोलले, पोस्टमास्तरच्या बायकोच्या खणखणीत आवाजाबद्दल बोलले. इतकं साधं बोलणं, पण त्याचा जीव भांड्यात पडला.

मग चढ आला. इथे दोघांची आजवर फारकत व्हायची. चढावर कोणी कोणासाठी रेंगाळायचं नाही, ज्याने त्याने आपल्या दमाने जायचं, हा क्लबाचा रिवाज. घड्याळजी पुढे निघून जायचा आणि टाकीपाशी वाट बघायचा. ती मागून यायची, लालबुंद होऊन, अक्षर न बोलता.

आज तो तिच्या शेजारी राहिला, पडली तर जवळ असावं म्हणून. सिस्टरने लिव्हर ओढली, चेन खडखडत तिसऱ्या चकतीवर उतरली, आणि तिचे पाय लोकर गुंडाळावी तसे आरामात फिरू लागले. वेग इतका कमी की कुत्रं फिरवायला निघालेली एक बाई चालत त्यांच्या पुढे गेली. पण सिस्टर चढत होती. पहिलं वळण मागे पडलं. जिथे ती दगडावर बसली होती ते दुसरं वळणही मागे पडलं.

"अरे, मला बोलता येतंय!" ती म्हणाली.

"अं," घड्याळजी म्हणाला. त्याला तेवढंच जमलं. त्याच्या अवजड गिअरमध्ये इतकं हळू जाणं म्हणजे सर्कस होती. तो पायडलांवर उभा होता आणि पुढचं चाक डावी-उजवीकडे झोकांड्या खात होतं.

"तू मला लग्नाचं विचारलंस तो दिवस आठवतो? कालव्यावर विचारलंस, आणि मी म्हटलं, उत्तर वर गेल्यावर देते."

आठवतो म्हणजे काय! ती गोष्ट त्याने चारचौघांत हजारदा सांगितली होती. बाईसाहेबांचं उत्तर तयारच होतं, मला नुसतं ताटकळत ठेवायचं होतं, असा तिचा शेवट असायचा.

"टाकी दिसेपर्यंत माझं उत्तर 'नाही' असं होतं," सिस्टर म्हणाली.

घड्याळजीचं चाक रस्त्याकडेच्या मातीत गेलं. त्याने ते कसंबसं ओढून वर घेतलं. का, आणि मग काय झालं, एवढं विचारायला त्याच्याकडे श्वास नव्हता. सायकलीपुढे दोनच वाटा होत्या: आपल्या वेगाने पुढे जाणं किंवा आडवं पडणं. पुढे गेलं की तिचं बोलणं मागे राहणार. या चढावर त्याने जन्मात कधी पाय टेकला नव्हता, आणि तो त्याचा मोठा तोरा होता. त्याने पाय टेकला. खाली उतरला, हँडल धरलं, आणि तिच्या शेजारून चालू लागला.

"काय झालं? चेन पडली?"

"नाही. तू बोल."

"मग काय, धापा टाकत होते मी, आणि हा आपला निघून गेलाय पुढे. म्हटलं, जन्मभर असाच पुढे जाईल. नाही म्हणायचं ठरवूनच वर आले. तर तू पाठ करून उभा, चेनशी खुडबुड करत."

"पडली होती चेन तेव्हा."

"खोटं बोलू नको. मी नर्स आहे, मला थरथरणारे हात कळतात. माझ्याकडे बघायची छाती होत नव्हती तुझी. मला वाटलं, हा वर येऊन मजेत नव्हता बसला. इतका वेळ एकटाच इथे घाबरून उभा होता. मग नाही म्हणवेना."

घड्याळजी खाली बघत चालत राहिला. ती भीती आपण ताकास तूर लागू न देता लपवली, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. आणि सायकल भाचीकडे गेली असती तर हे त्याला मरेपर्यंत कळलं नसतं.

"इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस कधी?"

"हे चढावरचं बोलणं आहे," सिस्टर म्हणाली. "चढावर तू कधी होतास?"

घड्याळजीचे डोळे भरून आले होते, आणि दोन्ही हात हँडलवर होते, त्यामुळे ते तसेच राहिले. सिस्टरने ते पाहिलं आणि समोर बघत पायडल मारत राहिली.

"भाचीला सांग, तुझ्यासाठी दुसरी सायकल बघू," ती म्हणाली. "आणि त्या सायकलवाल्याला परत माळ्यावर चढव. अजून एक बशी निघते का बघू दे, तुझ्या सायकलीसाठी."