निवळबाबांची बरणी

लोकर धुण्याच्या कारखान्यामागे एरवी कुत्रंही फिरकायचं नाही, तिथे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सांडपाण्याच्या टाकीभोवती माणसांची ही गर्दी. कठड्यालगत रेशमी गादी, गादीवर निवळबाबा आणि बाबांसमोर काचेची उंच बरणी. बरणीत टाकीतलं ताजं तपकिरी, गढूळ पाणी. बाबांनी तिच्यावर लाल कापड टाकलं आणि डोळे मिटले.

"पापाचा मळ तळाला, पुण्याचं जळ वर," ते गुणगुणू लागले. "तळाला रे मळा, वर गं जळा."

अर्ध्या तासाने शिष्याने कापड उचललं. मळ खाली बसला होता आणि वर नितळ पाणी. लोकांनी पटापट हात जोडले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने तर पदर डोळ्यांना लावला. ती कारखान्यातल्या केमिस्टबाईची सासू होती.

केमिस्टबाई प्रयोगशाळेच्या दारात हाताची घडी घालून उभी होती आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. का नाही होणार? त्या टाकीत जिवाणू होते आणि महिनोन्‌महिने खपून तिने ते वाढवले होते. लोकरीचं तेल, मळ, साबण हेच त्यांचं खाणं. त्यांना श्वास घेता यावा म्हणून एक पंप टाकीच्या तळातून अखंड हवा सोडत असे. टाकी चालू झाल्यापासून नाल्याची दुर्गंधी गेली होती आणि नाल्याकाठच्या वस्तीतल्या लोकांचे खाजून सडलेले पाय भरून आले होते. सासूबाईंचेही. श्रेय मात्र परवा-परवा उगवलेल्या या बाबांनी खिशात घातलं होतं.

तेही तिने गिळलं असतं. पण मालकांच्या डोळ्यांत पंपाचं विजेचं बिल खुपत होतं. त्यांनी माईक हातात घेतला.

"बाबांच्या कृपेने पाणी आपोआप निवळतंय. मग हा पंप कशाला कोकलत ठेवायचा? आज बाबांच्याच हस्ते तो कायमचा बंद करू."

पंप बंद म्हणजे जिवाणू गुदमरणार, दोन दिवसांत टाकी सडणार आणि जुनं पाणी पुन्हा वस्तीत घुसणार. केमिस्टबाई गर्दीतून वाट काढत गेली आणि पंपाच्या बटणाला पाठ लावून उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा. नोकरी जड झालीय का?" मालकांनी विचारलं.

"नोकरी खुशाल घ्या. आधी माझी बरणी बघा."

तिने प्रयोगशाळेतून तशीच दुसरी बरणी आणून बाबांच्या बरणीशेजारी ठेवली. तीही तशीच नितळ, तळाशी तसाच गाळ.

"हेही टाकीतलंच पाणी. रोज मी असं भरून ठेवते, आजही बाबांच्याच वेळेला भरलं. मंत्र कोणी म्हटला नाही. शेजारी रेडिओवर टूथपेस्टची जाहिरात चालू होती."

लोक हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा. "मंत्राचे तरंग भिंतीतून जातात, बेटी. तुझी बरणीही माझ्याच पुण्याईने निवळली."

"जातात ना? मग आता मी भरते ती बरणीही निवळवून दाखवा."

तिने तिसरी बरणी भरली. ती टाकीतून नव्हे, तर कारखान्यातून टाकीकडे येणाऱ्या पाइपातून. पाणी करडं, तेलकट, नाकाला पदर लावावा असं. बाबा गादीवर मागे सरकले.

"हे अपवित्र आहे."

"अहो, म्हणून तर पवित्र करायचंय. पवित्र पाण्याला तुमची काय गरज?"

आता माघार घ्यायची सोय नव्हती. लाल कापड पडलं, गुणगुण सुरू झाली. तोवर केमिस्टबाई सांगत राहिली. टाकीतले जिवाणू घाण खाऊन एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात. हवेच्या बुडबुड्यांनी ते तरंगत राहतात. बरणीत पाणी स्थिर झालं की हे जड पुंजके तळाला बसतात. त्याला मंत्र लागत नाही, फक्त थोडा वेळ लागतो. पाइपातल्या पाण्यातली घाण अजून कोणी खाल्लेलीच नाही, ती कुठली बसणार? बाबा दरवेळी टाकीतूनच पाणी का घेतात, हे आजवर एकानेही विचारलं नव्हतं.

अर्धा तास उलटला. कापड उठलं. पाणी होतं तसंच होतं, करडं आणि घाणेरडं.

"या बाईची नजर लागली," बाबा गरजले.

सासूबाई उठल्या. बरणीजवळ जाऊन त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. हा वास त्यांच्या ओळखीचा होता.

"हेच पाणी यायचं आपल्याकडे?"

"हो आई. पंप बंद केला तर परवापासून हेच येईल."

सासूबाई बाबांकडे वळल्या. "महाराज, मी तुमच्या पाया पडत होते, कारण माझे पाय बरे झाले होते. माझी चूक झाली." मग त्या सुनेला घेऊन पंपाच्या बटणासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मालक, हात लावून बघा."

वस्तीतल्या बाया एकामागून एक त्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मालकांनी माईक खाली ठेवला. बाबांचा शिष्य गादी गुंडाळू लागला, बाबा अजून तिच्यावरच बसलेले असताना.

एक भाबडा माणूस फुलं घेऊन टाकीकडे निघाला. "मग या जिवाणूंचीच पूजा करू."

"नको," केमिस्टबाई म्हणाली. "ते देव नाहीत. त्यांना पोट आहे, त्यांना श्वास लागतो. हवा मिळाली तर काम करतील, नाही मिळाली तर मरतील, तुम्ही कितीही हात जोडा. आज हे बाबा गेले, उद्या दुसरे येतील. त्यांनी बरणी दाखवली की पाया पडायच्या आधी विचारा, पाणी कुठून आणलं? आणि म्हणा, आता आम्ही सांगू तिथून भरा."